टेलिफोनचा आवाज

"हे पहिल्यापासून असेच बोलतात का?" डॉक्टर पेलमनं विचारलं आणि लिनेटला उत्तर देता आलं नाही. प्रश्न साधा होता. मुलीला बापाबद्दल विचारावा इतका साधा. लिनेट कॅरू गेली सव्वीस वर्षं लंडनच्या कोर्टात उभी राहून दुसऱ्यांना प्रश्न विचारत आली होती, आणि उत्तर देण्याआधी साक्षीदारानं छताकडे पाहिलं की तो आता काहीतरी रचणार हे तिला पाठ होतं. ती छताकडे पाहत होती. तिथं पाणी झिरपून पडलेला एक तपकिरी डाग होता. "असेच म्हणजे कसे?" तिनं विचारलं. हीही साक्षीदारांची जुनी खोड, वेळ काढायची. डॉक्टर तरुण होता, सभ्य होता, आणि त्याची भाषा चांगल्या शाळेतून घडीही न मोडता बाहेर आली होती. तो म्हणाला, "फार सावकाश. एकेक शब्द शोधून काढल्यासारखे. मध्येच थांबतात. उच्चारही जड वाटतात, जीभ नीट वळत नसल्यासारखे. झटका तसा सौम्य आहे, हातपाय उत्तम आहेत. पण समजशक्तीवर परिणाम झाला असेल तर आम्ही त्यांना एकट्यानं राहायला घरी पाठवू शकणार नाही. उद्या सकाळी समाजसेवा विभागाच्या मिसेस लॅक्स्टन येतील, त्या बोलून ठरवतील. तुम्ही मुलगी आहात, फरक तुम्हालाच कळणार." लिनेट म्हणाली, "जरा आठवून सांगते." डॉक्टरच्या चेहऱ्यावर एक बारीकसं आश्चर्य उमटलं आणि त्यानं ते शिष्टाचारानं आवरलं. बापाचा आवाज आठवून सांगावा लागतो ही गोष्ट त्याच्या अनुभवात बसत नसावी.

ती खालच्या मजल्यावर उपाहारगृहात जाऊन बसली. कागदी पेल्यातला चहा घेतला आणि प्यायला विसरली. बाबा, म्हणजे क्लिफ ट्रोमन्स, वय सत्त्याहत्तर, राहणार क्रॅडली हीथ, आयुष्यभर साखळ्यांच्या कारखान्यात काम केलेला माणूस. आई मार्चमध्ये गेली. त्यानंतर नोव्हेंबरात पहिल्यांदा ते लिनेटकडे चार दिवस राहायला आले, तेही "येताय का आता, का मी रडू?" अशी धमकी लिनेटनंच तीन वेळा दिली म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या स्वयंपाकघरात हातात किटली घेऊन ते सावकाश जमिनीवर बसले. किटली सांडू दिली नाही. रुग्णवाहिकेत त्यांनी एकच गोष्ट दोनदा विचारली, शुक्रवारपर्यंत घरी पोचता येईल का, कारण बोलिंग क्लबची, म्हणजे गोळे घरंगळवत खेळायची, हिरवळ थंडीआधी झाकायची होती आणि ते काम गेली अकरा वर्षं त्यांच्याकडे होतं. घर, हिरवळ आणि क्लबमधली मागच्या भिंतीलगतची खुर्ची, एवढंच त्यांचं उरलं होतं. ते गेलं की माणूस जेवणाच्या वेळांमध्ये नुसता बसून राहतो, हे लिनेटनं आईच्या बहिणीचं पाहिलं होतं. जूलियननं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, सकाळी टोस्टला लोणी लावता लावता सांगून टाकलं होतं की आपल्या घरापासून दहा मिनिटांवर वृद्धांसाठी एक फार चांगली जागा आहे, बागही आहे म्हणे. जूलियन वाईट माणूस नव्हता. त्याला बाबांचं बोलणं कधी समजायचं नाही, एवढंच, आणि जे समजत नाही त्याच्याकडे पाहून तो प्रेमळपणे हसायचा.

तर आवाज. लिनेटनं डोळे मिटून बाबांचा आवाज आठवायचा प्रयत्न केला, आणि तिला ऐकू आलं ते एकच वाक्य, "थांब, आईला देतो." दर रविवारी संध्याकाळी ती घरी फोन करायची आणि बाबांनी उचलला तर ते हेच म्हणायचे. मग आई यायची आणि पाऊण तास सगळ्या गल्लीची खबर सांगायची. आई गेल्यावर ते वाक्यही संपलं. मग फोनवर नुसती "हां, बरं हाय" आणि "तू जेवलीस का?", आणि दोघांच्या मध्ये सव्वाशे मैलांची शांतता. आईला देतो, हे वाक्य सावकाश होतं की झरझर? तीन शब्दांना कसली आली चाल? नाताळात ती दोन दिवस जायची तेव्हा जूलियन बोलायचा, आई बोलायची, टीव्ही बोलायचा. बाबा उकडलेले करडे वाटाणे आणि डुकराचं मांस वाढून घ्यायचे, आणि सगळ्यांना पुरलं का ते बघायचे. त्याआधीचं आठवायचं म्हणजे थेट लहानपणात जावं लागत होतं. कारखान्यातून आल्यावर मागच्या दारात उभं राहून ते शेजारच्या इसायाशी बोलायचे, आणि दोघं अशा वेगानं एकमेकांची टर उडवायचे की आई आतून ओरडायची, श्वास तरी घ्या. का ते इसायाच बोलायचा, आणि बाबा नुसते हसायचे? तिला शपथेवर सांगता आलं नसतं. आपल्याच आठवणीची उलटतपासणी घेतली तर साक्षीदार फुटतो, हे तिला त्या चहासमोर कळलं, आणि तिला भीती वाटली. स्पष्टच सांगायचं तर स्वतःची लाजही वाटली.

तिचा स्वतःचा आवाज तिनं अठराव्या वर्षी टाकला. कुणी टाकायला सांगितला नव्हता. विद्यापीठात पहिल्याच आठवड्यात तिनं करारांच्या कायद्यावर काहीतरी मुद्दा मांडला. मुद्दा बरोबर होता, तिला आजही खात्री होती. प्राध्यापक मान तिरकी करून म्हणाले, "किती गोड. पुन्हा म्हणा ना." तिनं पुन्हा म्हटला. ते मुद्दा ऐकतच नव्हते. वर्गातले सगळे हसले, आणि त्या हसण्यात वाईटपणा नव्हता, तोच खरा त्रास होता. वाईटपणा असता तर भांडता आलं असतं. त्या काळी टीव्हीवर जाहिरातीत डुक्कर बोलायला लागलं की ते तिच्या गावचं बोलायचं. मठ्ठ नोकर, पहिल्याच प्रसंगात पकडला जाणारा चोर, दारात उभा राहून चुकीचा पत्ता विचारणारा माणूस, सगळे तिच्या गावचे. यॉर्कशरचा माणूस बोलला तर लोकांना तो प्रामाणिक वाटतो, स्कॉटलंडचा बोलला तर हिशेबी वाटतो. तिच्या भागातला बोलला की लोकांना वाटतं, याला जरा सावकाश समजावून सांगावं. मग तिनं एका भाड्याच्या खोलीत रेडिओवरच्या बातम्या लावून, बातमी देणाऱ्याच्या पाठोपाठ तोंड हलवत, एका हिवाळ्यात नवा आवाज बसवला. ईस्टरला घरी गेली तेव्हा आईनं दार उघडलं, तिचं पहिलं वाक्य ऐकलं आणि नकळत अंगावरचा एप्रन सारखा केला.

आणि मग ते लग्नाचं. तिथं लग्नाच्या जेवणात मुलीच्या बापानं उभं राहून चार शब्द बोलायचे असतात, राजा असो की रंगारी. लिनेटनं महिनाभर आधी बाबांना सांगितलं की हल्ली ती पद्धत राहिली नाही, जूलियनचे काका बोलतील, त्यांना सवय आहे. "सुटलो ब्वा," बाबा म्हणाले. खूप वर्षांनी आईनं बोलता बोलता सांगून टाकलं की ते दोन आठवडे परसातल्या शेडमध्ये जाऊन कुदळ-फावड्यांसमोर भाषणाची तालीम करत होते, आणि त्यात एक विनोद इतका चांगला होता की आई तिथंच बादलीवर बसून हसली. विनोद काय होता ते लिनेटनं विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं.

पेल्यातल्या चहावर साय धरली होती. ती वर गेली.

वॉर्डात बाबा उशीला टेकून बसले होते, केस पाणी लावून चापून बसवलेले. लिनेट पडद्याच्या अलीकडे थांबली, कारण नर्स त्यांच्याशी बोलत होती. काही हवंय का, असं तिनं विचारलं. बाबांनी आधी पायजम्याच्या सदऱ्याची कॉलर दोन्ही हातांनी सरळ केली. मग घसा साफ केला. मग म्हणाले, "मला... किंचित... जलाची आवश्यकता... आहे. आपणांस... तसदी... होणार नसेल तर." नर्सनं त्यांच्याकडे, हातातून निसटू पाहणाऱ्या काचेच्या भांड्याकडे बघावं तसं पाहिलं, आणि मोठ्यानं म्हणाली, "पाणी हवंय? पाणी?" हा बाबांचा आवाज नव्हता, हे लिनेटला आता शपथेवर सांगता आलं असतं. या माणसानं जन्मात कधी पाण्याला पाण्यावाचून दुसरं काही म्हटलं नव्हतं. म्हणजे डॉक्टर म्हणतो ते खरं होतं. डोक्यात काहीतरी सरकलं होतं आणि तिथून हा परका, जड, अडखळणारा माणूस वर आला होता. दहा मिनिटांवरची ती बागवाली जागा तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. तिच्या मनाचा एक कोपरा लगेच तिथल्या खोलीला पडदे कुठले लावायचे याचा विचार करू लागला. मन असंच असतं, घर जळत असताना ते चमचे मोजतं.

नर्स निघून जाताना बाबांचे हात कॉलरवरून खाली आले, आणि ते हात पाहताना लिनेटला आईचे हात आठवले. घरी टेलिफोन पुढच्या बोळात होता. घंटा वाजली की आई ओले हात पुसायची, एप्रन सारखा करायची, केसांवरून हात फिरवायची आणि मगच फोन उचलायची, जणू पलीकडच्याला ती दिसणार होती. आणि मग जो आवाज यायचा तो आईचा नव्हताच. आधी सगळा नंबर ठणठणीत म्हणायचा, मग "कोण बोलत आहे, हे कळू शकेल काय?" बड्या लोकांचा 'ह' ठसठशीत असतो, तेव्हा नसलेल्या ठिकाणीही एखादा 'ह' लावून द्यायची, कमी पडायला नको म्हणून. पलीकडे मावशी निघाली की त्याच दमात, "तूच व्हय गं भवाने, मला वाटलं डॉक्टर." गल्लीतल्या प्रत्येक घरी असा एक टेलिफोनचा आवाज होता. पाहुण्यांच्या कपबश्या वेगळ्या ठेवतात तसा तो राखून ठेवलेला असायचा, आणि डॉक्टर, हेडमास्तर, पाद्री, विम्याचा माणूस यांच्यासमोर तो बाहेर काढायचा. फक्त आईला सवय होती. फोन तीच उचलायची. बाबांना सवय नव्हती, म्हणून ते एकेक शब्द फळीवरून काढून, पुसून, मग पुढे ठेवत होते.

ती जाऊन पलंगाच्या कडेला बसली. "बाबा, तुम्ही असं का बोलताय?"

"कसं?" बाबांनी दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "चांगलंच बोलतोय की. चुकतंय का कुठं?"

"चुकत नाही. पण ते तुमचं बोलणं नाही."

"मंग माझं इथं कशाला काढू? ही तुझी मान्सं हायेत. ते डॉक्टर पोरगं तुझ्यासारखंच बोलतं. उद्या तुला खाली बघाया लागायला नगं, का हिचा बाप असला." ते हे सगळं एका दमात, कुठंही न थांबता बोलले. "पोरगं बरं हाय, पन त्याला कमी ऐकू येतं बग. सारखं आपलं काय म्हणालात, काय म्हणालात. येवढ्या तरुणपनी. तू सांग त्याला, कान दाखव म्हनावं."

लिनेटला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू, आणि दोन्ही तिनं गिळलं. तिनं त्यांना समजावलं. हळू बोलण्यामुळे डॉक्टरांना वाटतंय की तुमच्या डोक्यात काही बिघडलंय. उद्या एक बाई येणार आहेत, तुम्ही घरी जायचं की नाही ते त्या ठरवणार. तेव्हा घरी बोलता तसंच बोला. बाबांनी लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजे उद्या परीक्षा हाय."

"तसंच समजा."

"मंग तर नीटच बोलाया पायजे," बाबा म्हणाले आणि हातानं कॉलर चाचपली. ती पुन्हा समजावू लागली, तर तेच त्यांनी पुन्हा मान डोलावून ऐकलं. लिनेटच्या लक्षात आलं की ती जितकी मुद्देसूद बोलते तितके ते अधिक ताठ बसतात. घंटा झाली, भेटीची वेळ संपली. निघताना डॉक्टर पेलम बोळात भेटला आणि तिनं त्याला सगळं सांगितलं. तो समजूतदारपणे म्हणाला, "शक्य आहे. पण नातेवाइकांना असं वाटणं फार स्वाभाविक असतं." हे वाक्य तिनं स्वतःच किती आयांच्या, किती बायकांच्या साक्षी मोडताना वापरलं होतं, त्याला गणती नव्हती.

सकाळी ती कालच्याच जुन्या लोकरी जाकिटात गेली. झोप झाली नव्हती, केसही धड बांधले नव्हते. बाबा दाढी करून तयार होते. ती म्हणाली, "बाबा, ठरलं ना? आपलं बोलायचं." बाबांनी तिच्याकडे पाहिलं, रागानं नाही, नुसतंच. म्हणाले, "तू आपलं बोलतीस का?"

ती पलंगाच्या कडेला बसली.

"न्हाई, मी आपलं इचारलं. तू असं बोललीस का माझं आपसूक तसं व्हतं. तू सोड, मंग मी सोडतो. येकट्याला न्हाई जमत."

लिनेटनं तोंड उघडलं आणि तोंडात काही आलं नाही. तीस-बत्तीस वर्षं ती जागा वापरात नव्हती. तिनं घसा साफ केला. "बरं मंग," ती म्हणाली, "बोलते की म्या. नाश्त्याला काय दिलं व्हतं?" तिचं तिलाच ते जाहिरातीतल्या डुकरासारखं ऐकू आलं. कान गरम झाले. वरच्या लोकांच्या घरात चोरून शिरल्यासारखं वाटलं, खरं म्हणजे खालच्या लोकांच्या. बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडत गेल्या.

"आरं देवा," ते म्हणाले. "ही तर बर्मिंगहॅमची."

त्यांच्या गावात याहून मोठी शिवी नाही. बर्मिंगहॅम नऊ मैलांवर.

"म्या बर्मिंगहॅमची?" लिनेट म्हणाली. "तुमी व्हा बर्मिंगहॅमचे. तुमचं खानदान बर्मिंगहॅमचं."

"आता जरा आली. वल्ड हिलच्या ठेसनापातुर आली. अजून येक हाय, रेट."

ती हसली आणि हसता हसता पुढचं वाक्य आपोआप बरोबर निघालं. त्याच्या पुढचंही. इसायाचं काय झालं, तिनं विचारलं. बाबा सांगायला लागले. इसाया दवाखान्यात कसा गेला, उजवा गुडघा सोडून डावा कसा दाखवून आला, आणि वर बायकोला म्हणाला, आता दाखवलाच हाय तर राहू दे. ते इतक्या वेगानं सांगत होते की लिनेटच्या कानांतून मधले दोन शब्द निसटले. मागच्या दारातला तो आवाज इसायाचा नव्हता, हे तिला आता कळलं. तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि मिसेस लॅक्स्टन आत आल्या. पन्नाशीच्या, दयाळू, गळ्यात चष्मा. त्यांनी जे ऐकलं ते एवढंच की एक म्हातारा आणि एक विस्कटलेली बाई दोघंही काहीतरी जाड, ओबडधोबड बोलत हसताहेत.

लिनेट उठून आपली ओळख नीट करून देणार होती. शब्द तयार होते, ते तिच्या तोंडी नेहमीच तयार असत. पण नुसत्या पाहुणीला बघूनच बाबांचा हात कॉलरकडे निघाला होता. ती बसून राहिली. "म्या त्येंची मुलगी," ती म्हणाली. हात खाली गेला.

प्रश्न सुरू झाले. हे कुठलं साल, घरी आग लागली तर काय कराल, दूध उतू गेलं तर, औषध दोनदा घेतलं गेलं तर. बाबा झटाझट उत्तरं देत होते. आग लागली तर आधी बाहेर पळीन आन मंग शेजारनीला उठवीन, आधी तिला उठवलं तर ती केस इंचरत बसंल. मिसेस लॅक्स्टनना अर्ध्याहून जास्त कळत नव्हतं. त्या लिनेटकडे वळायच्या आणि लिनेट तेच जरा सुट्या शब्दांत सांगायची, पण त्याच बोलीत, कारण ती सोडली असती तर बाबाही सोडणार होते. आणि हळूहळू एक गंमत झाली. मिसेस लॅक्स्टन लिनेटशीही सावकाश बोलायला लागल्या. मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, मध्ये मध्ये हसून. "तुम्ही... बाबांच्या जवळ राहता का? घरात कुणी लिहिता-वाचता येणारं आहे का, कागद बघायला?" अठराव्या वर्षापासून ती ज्यापासून पळत होती ते हे होतं. तिला वाटलं होतं तितकं ते दुखत नव्हतं. ते कंटाळवाणं होतं. आपण काचेपलीकडे आहोत आणि समोरचा माणूस काचेला हात लावून हातवारे करतोय, असं ते होतं. बाबा यात सत्त्याहत्तर वर्षं राहिले, तिनं मनात म्हटलं.

"आणि तुमची ही मुलगी काय करते?" मिसेस लॅक्स्टननी बाबांना विचारलं.

"बॅरिस्टर हाय," बाबा म्हणाले. "लंडनच्या मोठ्या कोर्टात. जहाजं बुडली का ही भांडती, कुनी भरून द्यायचं म्हनून."

मिसेस लॅक्स्टननी लिनेटकडे पाहिलं. जाकीट, केस. मग त्या तिच्याकडे झुकल्या आणि आवाज खाली आणून, फार प्रेमानं म्हणाल्या, "अशा वेळी त्यांना दुरुस्त करत बसू नका हं. अशा समजुतींनी त्यांना बरं वाटतं." आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

लिनेटला दिसलं की म्हाताऱ्याला भ्रम होतात हे एक वाक्य लिहिलं गेलं की संपलं. आग, दूध, औषध, सगळी उत्तरं त्याच्याखाली गाडली जाणार. एका क्षणाचं काम होतं. कोर्टातला आवाज काढायचा, नाव सांगायचं, आणि बाई ताडकन उभ्या राहिल्या असत्या. पण मग बाबांनी कॉलर नीट केली असती आणि उरलेला तास जलाच्या आवश्यकतेत गेला असता, आणि बाईंच्या लेखी शहाणी ठरली असती ती फक्त मुलगी. आवाज बदलून सिद्ध होणार काय होतं? एवढंच की त्या आवाजाचा माणूस मूर्ख असतो हे बरोबरच आहे.

"बाई, ते टोपण लावा जरा," लिनेट म्हणाली, त्याच बोलीत. "तुमचा ज्यो कायदा हाय, त्याचं पयलंच कलम तुमाला ठावं असंल. मान्साला कळतंय असंच धरून चालायचं. कळत न्हाई हे दावायचं काम तुमचं, कळतंय हे दावायचं त्येंचं न्हाई. बरं, आनि तितंच फुडं लिवलंय, ह्याला ठरवता येत न्हाई असं म्हनायच्या आदी त्येला मदत म्हून जे जे करता येतंय ते समदं करून बगायचं. तुमी काय करून बगितलं? त्येंचं बोलनं तुमाला कळंना, तर कळनारा मानूस बोलावला का? त्येनी तुमाला सात प्रश्नांची सात उत्तरं दिली. त्यातलं चुकीचं कुटलं, तेवडं सांगा. साल चुकीचं हाय? आगीचं चुकीचं हाय? का मी जहाजाचे दावे लडते हे चुकीचं हाय? ते तर तुमाला तुमच्या फोनवर आत्ता बगता येतंय. लिनेट कॅरू. बगा, म्या थांबते." ती थांबली. थांबायचं कधी हे तिला चांगलं कळत होतं. ती कुठंही चढ्या आवाजात बोलली नव्हती. तिच्या गावची बोली अशा कामाला फार चांगली होती, हे बोलताना तिच्या लक्षात आलं. ती खाली दाब देत, न घसरता चालते. आयुष्यातला हा तिचा पहिलाच युक्तिवाद होता ज्यात बोलताना स्वतःचं बोलणं वरून ऐकत बसणारं कुणी तिच्या डोक्यात नव्हतं.

मिसेस लॅक्स्टननी फोन बघितला नाही. त्या लाल झाल्या, गळ्यातला चष्मा डोळ्यांवर घेतला, आणि बराच वेळ बाबांकडे पाहत राहिल्या. त्या प्रामाणिक बाई होत्या. म्हणाल्या, "मिस्टर ट्रोमन्स, आपण पहिल्यापासून सुरू करू या का? मला कळलं नाही तर मीच तुम्हाला पुन्हा विचारीन. तुमची हरकत नसेल तर." बाबांची हरकत नव्हती. तास गेला. शेवटी असं ठरलं की शुक्रवार जमणार नाही, पण सोमवारी घरी जायचं, महिनाभर सकाळी कुणीतरी येऊन बघून जाईल, आणि हिरवळ इसायानं झाकायची, बाबांनी नुसतं उभं राहून नावं ठेवायची.

बाई गेल्या. जेवणाचा ट्रे आला. बाबांनी झाकण उचलून बघितलं, बटाट्याला नाक मुरडलं आणि आधी कस्टर्ड घेतलं. दोन चमचे खाऊन म्हणाले, "हेच करतीस व्हय तू तिथं?"

"व्हय. असंच काहीतरी."

"कुनालाबी येऊन बसता येतं, ऐकायला?"

"येतं की. दार उघडंच असतंय. कुनी काय इचारत न्हाई."

"असं," बाबा म्हणाले. चमचा त्यांनी वाटीच्या कडेला पुसला. "आमी येकदा आलो व्हतो. तुझी आई आन मी. तू नवी नवी लागली व्हतीस, सांगायचं न्हाई आन पाठीमागं गुमान बसायचं, असं ठरवून. दारात तो गनवेशवाला उभा. आई म्हनाली, तू इचार कुठली खोली ते. मी म्हनलं, तू इचार. ती म्हनाली, न्हाई, तूच. लय येळ उभं व्हतो."

"मंग?"

"मंग काय. च्या पेलो आन गाडीनं घरी गेलो."